प्लेटवर होय, पेशीवर नाही: सीडी२०च्या एका व्हायलचं प्रकरण

तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या हातात दोन कागद होते आणि दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडत होते.

पहिल्यावर एलायझाचे, म्हणजे प्लेटवर बसवलेल्या प्रोटीनला अँटीबॉडी चिकटते का हे मोजणाऱ्या चाचणीचे आकडे. फाज डिस्प्लेच्या (विषाणूंच्या अंगावर अँटीबॉडी मांडून त्यातल्या चिकटणाऱ्या वेचण्याच्या पद्धतीच्या) तीन फेऱ्यांतून त्याने निवडलेल्या सात नव्या अँटीबॉडी, आणि सातही सीडी२० या प्रोटीनला घट्ट चिकटलेल्या. दुसऱ्यावर फ्लो सायटोमेट्रीचे आलेख, म्हणजे तीच तपासणी अख्ख्या पेशींवर; अँटीबॉडी चिकटली की आलेख उजवीकडे सरकतो. राजी नावाच्या बी-पेशींच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) पृष्ठभागावर सीडी२० भरपूर असतं, पण तिथे या सातांपैकी एकीचाही मागमूस नव्हता. मोजपट्टी म्हणून सोबत ठेवलेल्या रिटुक्सिमॅबचं, सीडी२०ला धरणाऱ्या प्रसिद्ध औषधी अँटीबॉडीचं, नेमकं उलटं झालेलं. राजी पेशींवर तिचा आलेख लख्ख उजवीकडे सरकलेला आणि प्लेटवर मात्र ती शून्याच्या आसपास.

“मॅडम, व्हायल खराब आलीय. बदलून मागवू का?”

संशोधक विद्यार्थ्याने असं म्हणणं स्वाभाविक होतं. तीन महिन्यांचं काम त्या व्हायलवर उभं होतं. पण खराब प्रोटीन सहसा सगळ्यांनाच नाकारतं. हे प्रोटीन सात अँटीबॉडींना हो म्हणत होतं आणि आठवीला नाही, आणि पेशींवर त्याच आठांचं बरोब्बर उलटं होत होतं. असा फुलीसारखा निकाल आला की बिघाडापेक्षा ओळखीचा घोटाळा असण्याची शक्यता जास्त. प्लेटवर जे होतं आणि पेशीवर जे होतं, ती एकच वस्तू नव्हती.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतेय, कारण पेशीपटलातून आरपार जाणाऱ्या प्रोटीनवर काम सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पाय इथेच कुठेतरी घसरतो. आणि व्हायल मागवण्याच्या कागदावर सही माझीही होती.

कुपीवरचं नाव आणि आतला तुकडा

आधी सीडी२० हे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण त्याच्या रचनेतच सगळी मेख आहे.

बी-पेशींवरची ही खूण १९८०मध्ये बी१ या नावाने पहिल्यांदा वर्णन झाली. तिच्यावर बेतलेल्या रिटुक्सिमॅबला १९९७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कर्करोगावरच्या उपचारासाठी तिथे मान्यता मिळालेली ती पहिली मोनोक्लोनल (एकाच साच्यातली) अँटीबॉडी. एवढं नावाजलेलं प्रोटीन, पण शरीरात त्याला चिकटणारा स्वतःचा असा कोणताही लिगँड, म्हणजे जोडीदार रेणू, प्रस्थापित झालेला नाही. प्रयोगशाळेत याचा फटका बसतो. एखादं ग्राहक प्रोटीन नीट आहे का हे त्याचा नेहमीचा जोडीदार घालून तपासता येतं, एन्झाइम असेल तर त्याचं काम मोजता येतं. सीडी२०च्या बाबतीत तसं काही हाताशी नाही. त्याची घडी शाबूत आहे का हे सांगायला आकार ओळखणारी अँटीबॉडी हाच सगळ्यात भरवशाचा साक्षीदार.

आता रचना. २९७ अमिनो आम्लांची साखळी पेशीपटलातून चार वेळा आरपार जाते. सुरुवातीचं टोकही पेशीच्या आत आणि शेवटचं टोकही आत. बाहेर डोकावतात फक्त दोन लूप. एक इतका लहान की जेमतेम पटलाच्या वर दिसतो, आणि दुसरा मोठा, साधारण १४२ ते १८८ या क्रमांकांमधला. या मोठ्या लूपमध्ये १६७ आणि १८३ या दोन सिस्टीनमध्ये (गंधक असलेल्या अमिनो आम्लांमध्ये) डायसल्फाइड बंध आहे. त्या बंधाने लूपला गाठ मारल्यासारखा आकार येतो आणि रिटुक्सिमॅब ज्या जागेला पकडते ती जागा, १७० ते १७३, त्या गाठीच्या आतच बसते. म्हणजे २९७पैकी बाहेरून हाताला लागणारा भाग मूठभर, आणि तोही आकार टिकला तरच ओळखू येणारा.

मी त्याला व्हायलसोबत आलेली डेटाशीट उघडायला सांगितली. वर ठळक अक्षरांत ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन सीडी२०’. शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक. ई. कोलाय या बॅक्टेरियात तयार केलेलं, जीएसटी टॅग (पकडायला सोपं जावं म्हणून जोडलेलं दुसरं प्रोटीन) लावलेलं. आणि खाली, साठवणुकीच्या सूचनांच्या जरा वर, एका ओळीत: अमिनो आम्लं २१० ते २९७.

तो ती ओळ वाचून गप्प बसला. मीही क्षणभर गप्पच होते.

२१० ते २९७ म्हणजे चौथ्या फेरीनंतर पेशीच्या आत लोंबणारी शेपटी. बाहेरच्या लूपचं एक अक्षरही त्या व्हायलमध्ये नव्हतं. रिटुक्सिमॅबला प्लेटवर जागा सापडली नाही, कारण तिची जागा तिथे नव्हतीच. नव्या सात अँटीबॉडी शेपटी बघून निवडल्या गेल्या होत्या. जिवंत पेशीवर ती शेपटी पटलाच्या आड असते आणि अँटीबॉडी पटल ओलांडून आत जात नाही. पुरवठादाराने काही लपवलं नव्हतं, सगळं छापलेलं होतं. आम्ही नाव वाचलं आणि क्रमांक वाचले नाहीत.

इथे एक गोष्ट मात्र मला त्याच्या बाजूने नोंदवायची आहे. त्याने व्हायल आल्या आल्या जेल, म्हणजे प्रोटीन वजनानुसार वेगळी करणारी चाचणी, चालवली होती. आणि जेलने त्याला फसवलं. पूर्ण लांबीचं सीडी२० जेलवर ३३ ते ३७ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) या पट्ट्यात दिसतं हे त्याने वाचलेलं होतं. त्या व्हायलचा बँड ३६च्या आसपास आला. एकच, स्वच्छ, ठसठशीत बँड, अगदी हवा तिथे. पण ८८ अमिनो आम्लांची शेपटी साधारण १० किलोडाल्टनची आणि जीएसटी २६ची, बेरीज ३६. निव्वळ योगायोगाने चुकीची वस्तू बरोबर उंचीवर येऊन बसली. त्यावर शिक्कामोर्तब म्हणून त्याने एल२६ ही अँटीबॉडी लावली आणि तीही चिकटली. एल२६ पॅथॉलॉजीत पॅराफिनमधल्या ऊतींवर सीडी२० शोधायला सर्रास वापरतात, त्यामुळे तिच्यावर कुणीही विश्वास ठेवेल. पण तीही पेशीच्या आतल्या भागालाच ओळखते. पॉझिटिव्ह कंट्रोल पॉझिटिव्ह आला खरा, फक्त तो भलत्या प्रश्नाचं उत्तर देत होता.

नावापुरतं ‘ह्यूमन ट्रान्समेंब्रेन प्रोटीन’ आणि आत पटलाशी संबंध नसलेला विरघळणारा तुकडा, ही गोष्ट दुर्मीळ नाही. आरपार जाणारे हेलिक्स (साखळीचे वळसेदार भाग) तेलकट असतात, पाण्यात टिकत नाहीत, बॅक्टेरियात नीट बनत नाहीत. शेपटी सहज बनते, भरपूर बनते, शुद्ध होते. अशा तुकड्याचा उपयोगही आहे, वेस्टर्न ब्लॉटसाठी (जेलवरचं उलगडलेलं प्रोटीन शोधण्यासाठी) अँटीबॉडी तयार करायची असेल तर तो उत्तम. पृष्ठभागावर चिकटणारी अँटीबॉडी हवी असेल तर त्याचा काही उपयोग नाही. ज्या प्रोटीनचा बाहेरचा भाग एकसंध आणि मोठा असतो, पटलातून एकदाच जाणारं प्रोटीन असतं, तिथे नुसता बाहेरचा भाग कापून घेता येतो आणि बहुतेक वेळा तो मूळ आकार धरतो. चार वेळा आत-बाहेर करणाऱ्या सीडी२०ला ही सवलत नाही. त्याच्या लूपची दोन्ही टोकं पटलातल्या हेलिक्सनी धरून ठेवलेली असतात. हेलिक्स काढले तर लूप मोकळा सुटलेल्या दोरीसारखा होतो.

नवी मागणी करण्याआधी मी त्याला दोन छोटे प्रयोग करायला लावले. अंदाज खरा आहे का ते बघणं गरजेचं होतं, नाहीतर एका गृहीतकावरून दुसऱ्यावर उडी मारल्यासारखं झालं असतं. पहिल्या प्रयोगात प्लेटवर नुसतं जीएसटी कोट केलं. सातांपैकी दोन अँटीबॉडी त्यालाच चिकटल्या, म्हणजे त्या सीडी२०च्या नव्हत्याच. दुसऱ्यात राजी पेशी फिक्स करून (रसायनाने आहेत तशा पक्क्या करून) सॅपोनिनने पटलाला छिद्रं पाडली आणि उरलेल्या पाच आत सोडल्या. पाचही चिकटल्या. शेजारी जुरकाट या टी-पेशी ठेवल्या होत्या, त्यांच्यात सीडी२० नसतं, आणि तिथे काहीच दिसलं नाही. अँटीबॉडी चांगल्या होत्या, सीडी२०च्याच होत्या, फक्त भिंतीच्या आतल्या बाजूच्या होत्या. त्या पाच आम्ही फेकल्या नाहीत. फिक्स केलेल्या ऊतींवर त्या आजही वापरात आहेत.

दुसरी व्हायल

आता पूर्ण लांबीचं प्रोटीन हवं होतं, १ ते २९७. मागवताना या वेळी आम्ही टॅगवर बराच वेळ घालवला आणि तो वेळ सार्थकी लागला.

एका पर्यायात ह्यूमन एफसी, म्हणजे मानवी अँटीबॉडीचा मागचा भाग, जोडलेलं होतं. तो लगेच बाजूला ठेवला. रिटुक्सिमॅबचा मागचा भाग आयजीजी१ या प्रकारच्या मानवी अँटीबॉडीचा आहे आणि आमच्या नव्या अँटीबॉडीही त्याच सांगाड्यावर बसवलेल्या. त्यांना शोधणारी दुसरी अँटीबॉडी मानवी एफसीच शोधते. प्रोटीनलाच एफसी असेल तर प्लेटमधली प्रत्येक वेल (खळगा) उजळेल, अँटीबॉडी घाला किंवा घालू नका. दुसऱ्या पर्यायात फ्लॅग टॅग होता. तो धरायला उंदराची अँटीबॉडी प्लेटवर आधी बसवावी लागते, पण एल२६ही उंदराचीच. एल२६ शोधायला गेलो तर खालची थरभर अँटीबॉडीही सापडेल. शेवटी ठरलं ते शेवटच्या टोकाला एव्ही टॅग असलेलं, बायोटिन लावलेलं, एचईके२९३ या मानवी पेशींमध्ये तयार केलेलं प्रोटीन. बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या प्लेटवर ते शेपटीने अडकतं आणि बाहेरचे लूप वरच्या दिशेला मोकळे राहतात. दोन्ही टोकं आतल्या बाजूची असल्याचा इथे आम्हाला फायदाच झाला.

बफरमध्ये ०.०५ टक्के डीडीएम हे डिटर्जंट आणि सोबत कोलेस्टेरॉलचा एक विरघळणारा प्रकार, सीएचएस. पटलातून बाहेर काढलेल्या प्रोटीनचे तेलकट हेलिक्स उघडे पडू नयेत म्हणून डिटर्जंटचे रेणू त्यांच्याभोवती कमरपट्ट्यासारखे बसतात. व्हायलमध्ये आलं ते एकटं प्रोटीन नव्हतं, प्रोटीन आणि त्याचा हा पट्टा असा संच होता. पुढच्या दोन्ही चुका हे विसरल्यामुळे झाल्या.

पहिली जेलवर. सवयीप्रमाणे नमुना एसडीएस या कडक डिटर्जंटच्या बफरमध्ये घालून ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळला. जेल रंगवल्यावर बँड कुठेच नाही. वेलच्या तोंडाशी एक गडद डाग आणि खाली धूसर ओघळ. तो पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी त्याने “खराब” हा शब्द वापरला नाही. “मॅडम, हे असं का झालं असेल?” एवढंच विचारलं. मला खूप बरं वाटलं.

विरघळणारं प्रोटीन उकळलं की उलगडतं आणि एसडीएस त्याला सरळ करतं. अनेक वेळा आरपार जाणारं प्रोटीन उकळलं की त्याचे तेलकट भाग एसडीएसने गाठायच्या आत एकमेकांना चिकटतात आणि असा गठ्ठा होतो की तो जेलच्या जाळीत शिरतच नाही. त्याच व्हायलमधला दुसरा नमुना आम्ही न उकळता ३७ अंशांवर अर्धा तास ठेवला. शेजारच्या लेनमध्ये ३७ किलोडाल्टनच्या जवळ स्वच्छ बँड आला, वर दुप्पट वजनाच्या जागी एक फिकट सावली. ती सावली बघून काळजी वाटली नाही. सीडी२० जोडीने राहतं. २०२०मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने रिटुक्सिमॅबला धरलेल्या अवस्थेत त्याची रचना दिसली तेव्हा दोन रेणू एकमेकांना लागून आणि प्रत्येकाला एक फॅब (अँटीबॉडीचा पकडणारा तुकडा) चिकटलेला, असं चित्र समोर आलं होतं. एकाच व्हायलच्या त्या दोन लेन, एक डागाची आणि एक बँडची, त्याने जेलच्या फोटोतून कापून वहीत चिकटवल्या आहेत.

दुसरी चूक महाग पडली असती. एलायझासाठी त्याने प्रोटीन पीबीएसमध्ये, म्हणजे डिटर्जंट नसलेल्या साध्या बफरमध्ये, शंभरपट पातळ केलं आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन प्लेटवर घातलं. रिटुक्सिमॅब या वेळी चिकटली, पण आकडे वेडेवाकडे. एकाच पातळीच्या तीन वेलमध्ये तीन वेगळी उत्तरं, एक दुसऱ्याच्या दुप्पट. पिपेटिंगचा दोष म्हणावा तर त्याचा हात त्या कामात चांगलाच बसलेला आहे.

मी त्याला कागदावर हिशेब करायला सांगितला. डीडीएम एका ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तरच मायसेल (रेणूंचे बारीक गोळे) बनवून राहतं. ते प्रमाण पाण्यात सुमारे ०.००९ टक्के. व्हायलमध्ये ०.०५. शंभरपट पातळ केल्यावर उरलं ०.०००५, म्हणजे हव्या त्या किमान पातळीच्या जवळपास अठराव्या हिश्शाएवढं. कमरपट्टा सुटला. उघडे पडलेले हेलिक्स एकमेकांना धरून बसले आणि प्लेटवर कुठे गठ्ठा, कुठे रिकामी जागा. खात्रीसाठी पातळ केलेलं द्रावण अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जीवर तासभर फिरवलं आणि वरचं पाणी व तळाचा भाग वेगवेगळा जेलवर चालवला. प्रोटीन जवळजवळ सगळं तळाशी होतं. डोळ्यांना ते द्रावण शेवटपर्यंत पाण्यासारखं नितळ दिसत होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. गढूळपणाची वाट बघू नये.

त्या दिवसापासून पातळ करायच्या, धुवायच्या, अँटीबॉडीच्या अशा प्रत्येक बफरमध्ये ०.०२ टक्के डीडीएम. धुण्याच्या बफरमधलं ट्वीन-२० काढून टाकलं, कारण पट्ट्यात दोन वेगवेगळ्या डिटर्जंटची सरमिसळ मला नको होती. साध्या प्लेटवर थेट कोट करण्याचा विचारही सोडला. प्लॅस्टिकवर बसायला डिटर्जंट स्वतःच प्रोटीनशी स्पर्धा करतं, आणि जे प्रोटीन बसतं ते प्लॅस्टिकला चिकटता चिकटता स्वतःची घडी मोडून घेतं. आणि हो, नमुना व्होर्टेक्स करायचा नाही. फेस आला की हवेच्या सीमेवर प्रोटीन उलगडतं. नळी हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची. पूर्ण व्हायल एकदाच वितळवून २० मायक्रोलिटरचे अ‍ॅलिकोट (छोटे वाटे) केले आणि उणे ८० अंशांत ठेवले, म्हणजे पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं नको. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या साइज एक्सक्लूजन कॉलमवर एक अ‍ॅलिकोट चालवला. मुख्य शिखर सुरुवातीच्या गठ्ठ्याच्या जागी न येता मागे आलं, सुटसुटीत आणि एकसारखं. अशा शिखरावरून वजन काढताना सोबतच्या डिटर्जंटचं ओझंही त्यात धरलेलं असतं हे लक्षात ठेवावं लागतं. सीडी२०ची जोडी सत्तर किलोडाल्टनच्या आसपास, पण कॉलमला ती त्याहून बरीच मोठी वाटते.

आकाराची साक्ष

आकडे आता एकसारखे येऊ लागले होते. रिटुक्सिमॅबचा आलेख छान चढत जाऊन वर सपाट होत होता. इथे थांबायचा मोह होता, पण पहिल्या व्हायलने शिकवल्यावर मला ‘चिकटली’ एवढ्यावर समाधान नव्हतं. चिकटण्याचं कारण आकार आहे हे दिसायला हवं होतं.

त्यासाठी डायसल्फाइड बंध कामी आला. १६७ आणि १८३मधली गाठ सोडली तर लूपची घडी मोडेल आणि रिटुक्सिमॅबची जागा जाईल. शेपटीचं मात्र काही बिघडणार नाही, म्हणून एल२६ जशीच्या तशी चिकटायला हवी. एकाच वेलमधल्या प्रोटीनला दोन साक्षीदार, एक आकार बघणारा, एक नुसती हजेरी घेणारा.

प्लेटवर सीडी२० बसवून झाल्यावर अर्ध्या वेलमध्ये १० मिलिमोलर डीटीटी (डायसल्फाइड बंध सोडवणारं रसायन) घातलं, अर्ध्यात नुसता बफर. इथे स्ट्रेप्टॅव्हिडिनची निवड पुन्हा कामाला आली. त्यात सिस्टीन नसतंच, त्यामुळे डीटीटीने त्याचं काही तुटत नाही. खाली अँटीबॉडी असती तर तिचेच डायसल्फाइड उसवले असते आणि कोण कुणामुळे पडलं हे सांगता आलं नसतं. अर्ध्या तासाने आयोडोअसिटामाइड घालून मोकळ्या सिस्टीनना टोपी घातली, नाहीतर धुताना त्या पुन्हा जोडल्या जातात. बफरवाल्या वेलनाही तेवढंच आयोडोअसिटामाइड, म्हणजे फरक फक्त डीटीटीचा राहावा. मग डीडीएमच्या बफरने पाच वेळा धुतलं. डीटीटीचा अंशही उरला तर तो पुढे येणाऱ्या रिटुक्सिमॅबलाच उसवेल.

रंग उमटवणारं सब्स्ट्रेट घातल्यावर आम्ही दोघं प्लेटकडे बघत उभे राहिलो. एल२६च्या दोन्ही ओळी सारख्याच निळ्या होत गेल्या. रिटुक्सिमॅबची बफरवाली ओळ मिनिटाभरात गडद झाली आणि डीटीटीवाली ओळ तशीच पाण्यासारखी राहिली. शेजारी सीडी८१च्या वेल होत्या. तेही चार वेळा आरपार जाणारं, त्याच डिटर्जंटमधलं, तोच टॅग लावलेलं प्रोटीन. तिथे दोन्ही अँटीबॉडींना काही सापडलं नाही. टॅगला किंवा डिटर्जंटला चिकटण्याची शंकाही त्यामुळे मिटली.

“म्हणजे प्रोटीन सगळीकडे तेवढंच आहे,” तो म्हणाला, “फक्त या ओळीत ते ओळखू येत नाहीये.” मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट मी या प्लेटला मानते. डेटाशीटवरची शुद्धता कूमासीने रंगवलेल्या जेलवरून काढलेली असते, म्हणजे आधीच उलगडलेल्या प्रोटीनवरून. शुद्धतेचा आकडा आणि घडीचा काही संबंध नाही. डीटीटी दिलेल्या ओळीतलं सीडी२० जेलवर चालवलं असतं तर तेही तितकंच शुद्ध दिसलं असतं. म्हणून पुढच्या प्रत्येक नव्या लॉटला आम्ही हीच प्लेट लावतो, आणि जुन्या अ‍ॅलिकोटलाही दर काही आठवड्यांनी. लॉट बदलल्यावर रिटुक्सिमॅब आणि एल२६ यांच्या सिग्नलचं गुणोत्तर घसरलं तर त्या लॉटवर निवडीचं काम करायचं नाही.

पुन्हा निवड

फाज डिस्प्लेच्या फेऱ्या पहिल्यापासून घ्याव्या लागल्या. या वेळी प्लेटऐवजी स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या चुंबकीय मण्यांवर, सगळ्या बफरमध्ये डीडीएम ठेवून. प्रत्येक फेरीआधी फाज सीडी८१च्या मण्यांवरून फिरवून घेतले, म्हणजे टॅगचे, मण्याचे, डिटर्जंटचे चाहते तिथेच गळून पडावेत. आणि तिसरी फेरी प्रोटीनवर घेतलीच नाही. फाज आधी जुरकाट पेशींवर सोडले, जे चिकटले ते टाकून दिले, आणि उरलेले राजी पेशींवर सोडले. शुद्ध प्रोटीनवर कितीही काळजी घेतली तरी त्यात सगळ्याच रेणूंची घडी शाबूत नसते, आणि आतली शेपटी तर तिथे उघडीच असते. पेशीवर शेपटी झाकलेली असते. म्हणून दोन फेऱ्या प्रोटीनवर आणि एक पेशीवर अशी जोडी मला योग्य वाटते. नुसत्या पेशींवर निवड केली तर पृष्ठभागावरच्या शेकडो इतर प्रोटीनचं गर्दीतलं काहीतरी हाती लागण्याचा धोका असतो.

या वेळी हाती आल्या फक्त तीन. एलायझात त्यांचे आकडे पहिल्या सातांइतके देखणे नव्हते. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. मी म्हटलं, आलेख येऊ दे.

राजीवर कुठल्याही अँटीबॉडीचा मागचा भाग पकडणारे एफसी रिसेप्टर असतात, त्यामुळे ते झाकायला आधी एफसी ब्लॉक घातला, शेजारी आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण सीडी२०ला न ओळखणारी अँटीबॉडी) ठेवला. तीनपैकी दोन अँटीबॉडींनी राजीचा आलेख स्पष्ट उजवीकडे सरकवला आणि जुरकाटचा जागेवर ठेवला. तिसरी एलायझात चिकटत होती आणि पेशीवर नाही. ती शेपटीचीच निघाली, जुन्या पाचांच्या डब्यात गेली. दोघींपैकी एकीला रिटुक्सिमॅब आधी घातली की जागा मिळत नाही, म्हणजे तीही मोठ्या लूपवर त्याच परिसरात बसते. दुसरी रिटुक्सिमॅब असतानाही चिकटते. ती नक्की कुठे बसते हे अजून शोधायचं आहे. ओफाटुमुमॅब ही सीडी२०वरची आणखी एक औषधी अँटीबॉडी मोठ्या लूपसोबत छोट्या लूपलाही स्पर्श करते हे माहीत असल्यामुळे आम्ही तिच्याशीही तुलना करणार आहोत.

चिकटण्याचा आणि सुटण्याचा वेग मोजायला आता सीडी२० डिटर्जंटमधून नॅनोडिस्कमध्ये हलवायचं काम सुरू आहे. मेदाचा सुमारे १० नॅनोमीटरचा तुकडा, कडेने प्रोटीनच्या पट्ट्याने बांधलेला, आणि त्यात हे आरपार बसलेलं. डीडीएमचं प्रमाण सांभाळायची कटकट तिथे नाही, आणि भोवती खरोखरचं मेदाचं पटल असतं. कंट्रोल म्हणून रिकाम्या नॅनोडिस्कही त्याच दिवशी, त्याच मेदातून तयार करतोय.

काल तो उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये नवे अ‍ॅलिकोट ठेवत होता. नळीच्या टोपणावर जागा किती असते, करंगळीच्या नखाएवढी. त्यावर त्याने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: १–२९७, एव्ही, डीडीएम ०.०५, उकळू नये. ‘सीडी२०’ हे नाव त्याने बाजूला, नळीच्या अंगावर लिहिलं होतं.